गावचं नाव पुण्यात आणलं : फॉर्म 8 आणि मतदार नोंदणी सेवेचा माझा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू मतदार नोंदणीच्या सरकारी सेवेचा आहे, म्हणजे ऑनलाइन फॉर्म, बीएलओ (यादीच्या पडताळणीला घरी येणारा माणूस), यादीत नाव शोधणं, उमेदवाराचं शपथपत्र वाचणं हे सगळं मिळून. नोव्हेंबर 2025 पासून मी हे स्वतः केलंय, घरबसल्या केलंय, आणि सेवेसाठी एक रुपया लागला नाही. जे पैसे गेले ते बाहेर गेले, त्याचं पुढे सांगते. सेवा चांगली आहे, काम होतं, पण तिची वेळ निवडणुकीची हवा तापायच्या खूप आधीची असते, आणि ही एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर 15 जानेवारी 2026 ला मी मतदान केंद्राच्या गेटबाहेर उभी राहिले नसते.

त्या दिवशी पुण्यासकट 29 महापालिकांचं मतदान होतं. नवऱ्याचं नाव यादीत होतं, माझं नव्हतं. सकाळी साडेसातला मतदान सुरू झालं, आम्ही आठच्या आत पोचलो, तो आत गेला आणि मी बाहेर वडाच्या पारावर बसले. आमच्या सोसायटीतल्या बायका येत होत्या, बोटाला शाई लावून बाहेर पडत होत्या, प्रत्येकजण विचारत होती झालं का तुमचं, आणि मी प्रत्येकीला सांगत होते माझं नाव अजून गावाला आहे. पाचवी सहावी बाई विचारून गेली तेव्हा मला खरंच रडू आलं. कारण आम्ही नांदेड फाट्याच्या पुढे राहतो, आमचा भाग 2021 मध्ये 23 गावांबरोबर महापालिकेत आला, तेव्हा ग्रामपंचायत गेली, म्हणजे सरपंच गेला, आणि नगरसेवक काही मिळाला नाही कारण महापालिकेची आधीची निवडणूक फेब्रुवारी 2017 ची, तिची मुदत मार्च 2022 ला संपली आणि मग जवळपास चार वर्षं प्रशासक. मधल्या काळात जानेवारी 2025 मध्ये याच सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसची, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, घराघरात पाणी उकळून प्यायला लागले, आणि पाण्याबद्दल ज्याला दारात जाऊन विचारावं असा आपण निवडून दिलेला माणूसच नव्हता. एवढं सगळं बघून झाल्यावर पहिल्यांदा नगरसेवक निवडायची वेळ आली आणि माझं नाव दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर कुठेतरी कोरेगाव तालुक्यातल्या यादीत.

आता ते गावाला का होतं हे सांगायलाच हवं, कारण पुण्यात राहणाऱ्या निम्म्या लोकांची हीच गोष्ट असणार. लग्नानंतर माझं नाव सासरच्या गावी लागलं. नंतर आम्ही पुण्याला आलो, भाड्याने राहिलो, मग फ्लॅट घेतला, आधार बदललं, गॅस बदलला, बँक बदलली, मुलीची शाळा इथली, पण मतदार यादीतलं नाव तसंच. आणि ते विसरून राहिलं असं नाही, ते ठेवलेलं होतं. सासऱ्यांना आम्ही नाना म्हणतो. नानांचं म्हणणं, नाव काढलं म्हणजे गावाशी नाळ तोडली. चुलत दीर ग्रामपंचायतीला पॅनेलमधून उभे राहतात, तिथे वॉर्डात पाचशे-सहाशे मतं, दहा-पंधरा मतांनी माणूस पडतो, मग घरातली चार मतं पुण्याला नेणं म्हणजे दगाबाजी झाल्यासारखंच वाटतं लोकांना. मतदानाच्या आदल्या रात्री पुण्यातून गाडी निघते, जेवणाची सोय असते, सकाळी मत टाकायचं, यात्रेसारखे सगळे भेटतात, दुपारी परत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. 2024 ला लोकसभा आणि विधानसभा दोन्हीला मी गावीच जाऊन मत दिलं.

आणि शिवाय एक भीती, की मतदार यादीतनं नाव गेलं की घरातला, जमिनीतला हक्क जातो. तसं काही नाही. सातबारा वेगळा, मतदार यादी वेगळी, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. हे मी नानांना चार वेळा सांगितलं तेव्हा पटलं. उलट कायदा काय म्हणतो ते वाचल्यावर मलाच धक्का बसला. 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा म्हणतो की जिथे तुम्ही सामान्यपणे राहता तिथेच तुमचं नाव असावं, आणि त्यातच स्पष्ट लिहिलंय की एखाद्या ठिकाणी तुमच्या मालकीचं घर आहे एवढ्यावरून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. म्हणजे गावाला वाडा आहे, कुलूप लावलेलं आहे, वर्षातून दोनदा जातो, एवढं पुरेसं नाही. आणि दोन ठिकाणी नाव तर अजिबात चालत नाही, त्याच कायद्यात बंदी आहे, आणि फॉर्मवर खोटं घोषणापत्र दिलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. आपल्याकडे लोक अगदी सहज सांगतात, अहो असू दे ना गावाला एक इथे एक. नका असं करू.

अजून एक गोष्ट मला नानांशी बोलतानाच सुचली. ग्रामसभेचा सदस्य कोण, तर गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे तो. ग्रामसभेला कोरम लागतो, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 लोक, जे कमी असेल ते. म्हणजे आमच्यासारखी पुण्यामुंबईला राहणारी नावं यादीत असतात, गावचा निर्णय करणाऱ्यांत मोजली जातात, पण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला आम्ही कुठे असतो? गावच्या नळाला पाणी येतं की नाही हे मला दिरांच्या फोनवरून कळतं. मग गावचा सरपंच कोण असावा हे ठरवायचा हक्क जास्त कोणाचा, तिथे रोज राहणाऱ्याचाच ना? मी हेच नानांना बोलले. ते गप्प बसले, बराच वेळ सुपारी कातरत बसले, आणि म्हणाले, "मग तिकडं तरी नीट लक्ष घाल."

आता मुख्य सेवेबद्दल.

नोव्हेंबरात पेपरात आलं की प्रभागांच्या प्रारूप याद्या लागल्या आहेत, हरकती घ्या. मला वाटलं हीच संधी, आता जाऊन नाव घालून येऊ. यादी बघायला जिथे गेले तिथल्या एका माणसाने शांतपणे समजावून सांगितलं, आणि ते इथे जसंच्या तसं सांगते कारण हे कोणालाच माहीत नसतं. आपल्याकडे दोन निवडणूक आयोग आहेत. लोकसभा, विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत राज्य निवडणूक आयोग घेतो, 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीनंतर आलेला. पण राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी मतदार यादी बनवत नाही, तो विधानसभेची यादी एका ठराविक तारखेची घेतो आणि तिचे प्रभागांप्रमाणे तुकडे करतो. या वेळेला ती तारीख होती 1 जुलै 2025. म्हणजे जानेवारीच्या मतदानासाठी जुलैच्या आधी नाव विधानसभेच्या यादीत पाहिजे. प्रभाग चुकला, शेजारच्या प्रभागात नाव गेलं, विधानसभेच्या यादीत आहे पण प्रभागाच्या यादीत गळालं, तर हरकत घेता येते. नवीन नाव मात्र त्या टप्प्यावर घालता येत नाही, कितीही विनंती केली तरी.

मला विचाराल तर या सेवेचा सगळ्यात मोठा दोष हाच आहे, की ही तारीख लोकांच्या घरापर्यंत पोचतच नाही. होर्डिंग लागतात मतदान करा म्हणून, ते मतदानाच्या आठवडाभर आधी, आणि तेव्हा ज्याचं नाव नाही त्याला काहीही करता येत नाही. होर्डिंग मे-जूनमध्ये लागायला पाहिजेत.

मग मी ठरवलं की या वेळचं गेलं तर गेलं, पुढचं तरी नको. आणि इथे एक चूक झाली, ती सांगते म्हणजे तुमची होणार नाही. फॉर्म ऑनलाइन भरायचा मला कंटाळा होता म्हणून एका नेट कॅफेत गेले. त्याने 300 रुपये घेतले आणि फॉर्म 6 भरला. फॉर्म 6 हा पहिल्यांदा मतदार होणाऱ्यांसाठी असतो. मी सांगितलं होतं माझं नाव गावाला आहे, कार्ड पण दाखवलं, तो म्हणाला काही फरक पडत नाही, हाच भरतात सगळे. घरी येऊन पावती वाचली तर माझ्या नावाने घोषणापत्र गेलेलं की माझं नाव आधी कुठल्याही यादीत नाही! मला रात्रभर झोप नाही. सकाळी 1950 ला फोन केला, ही मतदारांची हेल्पलाइन आहे, आणि नंबर लक्षात राहायला सोपा कारण आयोगाची स्थापनाच 25 जानेवारी 1950 ची. पलीकडच्या बाईंनी सांगितलं की तुमचं नाव आधीपासून आहे तर हा अर्ज नामंजूर होईल, तुम्ही फॉर्म 8 भरा, आणि चौकशीला कोणी आलं तर खरं काय ते सांगा. तसंच झालं, तो अर्ज रिजेक्ट झाला आणि माझे अडीच आठवडे गेले.

तर फॉर्म नीट लक्षात ठेवा. नवीन मतदार असाल तर 6. परदेशात राहणारा भारतीय नागरिक असेल तर 6 ए, म्हणजे दुबई-अमेरिकेत असलेली आपली मुलं पासपोर्टवरच्या पत्त्याने नाव लावू शकतात, मत द्यायला मात्र इथे यावं लागतं. कोणी वारलं असेल, नाव काढायचं असेल किंवा कोणाच्या नावावर हरकत असेल तर 7. आणि घर बदललं, नावात चूक आहे, फोटो बदलायचाय, कार्ड हरवलं, अपंगत्वाची नोंद करायचीय, हे सगळं आता एका फॉर्म 8 मध्येच होतं. पूर्वी त्याच मतदारसंघात घर बदललं तर 8 ए असा वेगळा होता, तो 2022 मध्ये बंद झाला. आणि फॉर्म 8 ने दुसऱ्या मतदारसंघात नाव हलवलं की जुन्या ठिकाणचं नाव काढायला वेगळा फॉर्म 7 लागत नाही, आणि तुमचा कार्डाचा नंबर पण तोच राहतो. मला हे माहीत नव्हतं, मी उगाच गावच्या तलाठ्यांना फोन करायच्या तयारीत होते.

फॉर्म 8 मी घरी बसून भरला, डायनिंग टेबलवर, रात्री मुलगी झोपल्यावर. मतदार सेवा पोर्टलवर मोबाइल नंबर टाकून लॉगिन करायचं, ओटीपी येतो. पूर्वी व्होटर हेल्पलाइन नावाचं ॲप होतं, आता ईसीआयनेट नावाच्या ॲपमध्ये आयोगाची बरीच जुनी ॲप एकत्र आणलीत, तिथूनही हेच होतं, पण मला मोठ्या स्क्रीनवर बरं पडतं. कार्डाचा नंबर टाकला की तुमची सगळी माहिती समोर येते. माझा जुना मतदारसंघ 257 कोरेगाव, आणि खाली नवीन मतदारसंघ निवडायचा, मी 211 खडकवासला निवडला. त्या दोन आकड्यांकडे मी जरा वेळ बघत बसले. मग पत्त्याचा पुरावा. आधार, पासपोर्ट, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, लाइट-पाणी-गॅसचं बिल पण ते किमान वर्षभराचं पाहिजे, स्वतःचं घर असेल तर नोंदणीकृत खरेदीखत, आणि भाडेकरू असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार. यातलं एक. आणि भाड्याने राहणाऱ्यांनो, तुम्हाला वाटतं ना की स्वतःचं घर नाही तर नाव कसं लागेल, लागतं. नुसता 500 च्या स्टॅम्पवरचा करार नको, नोंदणी केलेला हवा, एवढंच.

एक जागा नीट बघा, जिथे नाव इंग्रजीत टाइप केलं की शेजारी मराठीत आपोआप उमटतं. ते आपोआप उमटलेलं बरोबर असेलच असं नाही. ऱ्हस्व-दीर्घ बदलतं, ण चा न होतो, ळ चा ल होतो. आमच्या आडनावात ळ आहे, तो मी हाताने घातला. तुम्हाला वाटेल एवढ्या तेवढ्याने काय होतं, पण मतदानाच्या दिवशी टेबलावर बसलेली पोरं आडनावाने शोधतात, आणि ते सापडलं नाही की माणूस नाव नाही समजून घरी जातो. म्हणून कार्डाच्या नंबरने शोधायचं, नावाने नाही.

सबमिट केल्यावर एक रेफरन्स नंबर येतो, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि त्यावरून अर्ज कुठपर्यंत आलाय ते बघत राहा. मी दिवसातून दोनदा बघायचे. आधी अर्ज मिळाला, मग बीएलओ नेमला, मग प्रत्यक्ष पडताळणी, मग मंजूर.

आणि आता बीएलओबद्दल, कारण या सगळ्या सेवेत मला पाचपैकी पाच द्यावे वाटतात ते इथे. बीएलओ म्हणजे एका मतदान केंद्राच्या यादीची जबाबदारी असलेला माणूस. बहुतेक वेळा शिक्षक नाहीतर अंगणवाडी सेविका असतात, स्वतःची नोकरी सांभाळून हे करतात. आमच्याकडे आल्या त्या एका शाळेतल्या बाई. संध्याकाळी सात वाजता, लिफ्ट बंद होती म्हणून चौथ्या मजल्यापर्यंत चालत. पायाला पट्टी बांधलेली. दारातच म्हणाल्या, ताई, चप्पल काढत नाही, परत घालायला वाकता येत नाही. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. पिशवीतून यादीचा गठ्ठा काढला, रबरबँड लावलेला, कडा मळलेल्या, पानापानावर लाल आणि निळ्या पेनाच्या खुणा, कोण वारलं, कोण घर सोडून गेलं, कोणाचं लग्न झालं. आमच्या शेजारच्या जोशीकाकांना जाऊन वर्ष झालं तरी नाव आहे, ते मी सांगितलं, तर त्यांना ते माहीत होतं, घरच्यांनी फॉर्म 7 भरायला हवा म्हणाल्या, मी नुसतं ऐकून कापू शकत नाही. हे मला फार योग्य वाटलं. नुसत्या सांगण्यावरून नाव उडायला लागलं तर उद्या कोणीही कोणाचंही उडवेल.

माझं आधार आणि चेहरा त्यांनी पडताळून बघितला, गावाला आता कोण असतं विचारलं, फोनमध्ये भरलं, झालं, पाच मिनिटं. मी चहा टाकते म्हटलं तर म्हणाल्या अजून अकरा घरं आहेत. लोक यांच्या तोंडावर दार आपटतात, वॉचमन आत सोडत नाही, सोसायटीच्या ग्रुपवर लिहितात की कोणीतरी बाई कागद मागत फिरतेय, सावध राहा. कृपा करून असं करू नका. ओळखपत्र मागा, जरूर मागा, पण आत घ्या आणि पाणी द्या. तुमचा बीएलओ कोण आणि नंबर काय ते पोर्टलवर कार्डाचा नंबर टाकला की दिसतं.

अर्ज भरल्यापासून साधारण महिन्याभरात माझं नाव खडकवासल्याच्या यादीत आलं. ई-एपिक म्हणजे कार्डाची पीडीएफ लगेच डाउनलोड करता येते, ती सोय 2021 पासून आहे, आणि छापील कार्ड नंतर पोस्टाने आलं. पण कार्डाबद्दल एक लक्षात ठेवा, कार्ड म्हणजे हक्क नाही. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन साहेबांच्या काळात 1993 ला फोटोचं ओळखपत्र आलं तेव्हापासून आपल्या डोक्यात कार्ड म्हणजे मतदान असं बसलंय. खरं म्हणजे हक्क यादीतल्या नावावर आहे. नाव असेल आणि कार्ड नसेल तर आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, फोटोचं पासबुक यातलं काहीही चालतं. कार्ड असेल आणि नाव नसेल तर परत जावं लागतं. म्हणून दरवर्षी एकदा, निवडणूक असो नसो, यादी बघायची. मी 25 जानेवारी ठरवलीय, राष्ट्रीय मतदार दिवस असतो, लक्षात राहतं.

आणि समजा केंद्रावर गेलात आणि कळलं की तुमच्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेलंय, तर भांडून परत येऊ नका. तुम्हाला प्रदत्त मत मागायचा हक्क आहे, ओळख पटवून कागदी मतपत्रिकेवर मत देता येतं, ते वेगळ्या पाकिटात ठेवतात. केंद्राध्यक्षांना तोच शब्द वापरून सांगा, प्रदत्त मत.

राज्य निवडणूक आयोगाच्या यादीसाठी मताधिकार नावाचं वेगळं ॲप आलं होतं, प्रभाग, केंद्र, उमेदवार शोधायला. नवऱ्याचं केंद्र आम्ही त्यावरच शोधलं. यादीत काही नावांसमोर दोन तारे दिसतील, ते म्हणजे त्या नावाचा माणूस आणखी कुठेतरी यादीत असावा असा संशय, त्याला आपण नक्की कुठे मत देणार हे लिहून द्यावं लागत होतं. मैत्रिणीच्या नावासमोर तारे बघून ती घाबरली होती, नाव कापलं वाटलं. कापलेलं नसतं, फक्त खात्री करायची असते.

नवरा त्या दिवशी बाहेर आला तो गोंधळलेला. आमच्याकडे मुंबईसारखा एक प्रभाग एक नगरसेवक नाही, पुण्यात 41 प्रभाग आणि 165 नगरसेवक, म्हणजे बहुतेक प्रभागात चार, अ ब क ड. चार मतं द्यायची. वेगवेगळ्या रंगाच्या मतपत्रिका मशीनवर, प्रत्येक गटात एकच बटण. तो म्हणाला पहिल्या दोघांची नावं मला माहीत होती, उरलेल्या दोन गटात नुसतं चिन्ह बघून दाबलं. मला याचं फार वाईट वाटलं, कारण मी बाहेर बसले होते आणि मला चारही गटांतले सगळे उमेदवार पाठ होते.

कारण डिसेंबरात मी एक काम केलं होतं, शपथपत्रं वाचली होती. हा त्या सेवेचा असा भाग आहे की जो कोणी वापरतच नाही. 2002 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आणि 2003 च्या निकालानंतर उमेदवाराला स्वतःवरचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण हे शपथेवर सांगावं लागतं. विधानसभा-लोकसभेची शपथपत्रं भारत निवडणूक आयोगाच्या साइटवर असतात, महापालिकेलाही उमेदवार शपथपत्र देतात. पहिल्यांदा उघडलं तर वकिली भाषा बघून बंद करावंसं वाटतं. नका करू. मी काय केलं सांगते. आधी शेवटच्या पानांवर जायचं, तिथे सारांश असतो. मग गुन्ह्यांचा तक्ता, पण नुसता आकडा बघून मत बनवू नका, कलम बघा, आंदोलनात रस्ता अडवला म्हणून पडलेली केस आणि मारहाणीची किंवा फसवणुकीची केस एक नाही. मग सरकारी देणी, म्हणजे पाणीपट्टी, घरपट्टी, वीज थकलीय का. जो माणूस माझ्या घरपट्टीवर उद्या सभागृहात बोलणार त्याने स्वतःची भरलीय का हे मला बघायचंच असतं. आणि आधी कधी उभा राहिला असेल तर तेव्हाचं आणि आत्ताचं शपथपत्र शेजारी ठेवून बघायचं. मी एका वहीत दोन बाजूंना लिहिलं, आधी काय, आता काय. तो कागद सोसायटीतल्या सात-आठ जणींनी फोटो काढून नेला. कोणाला मत द्या हे मी एकीलाही सांगितलं नाही, आणि कोणी विचारलं तरी सांगणार नाही.

कोणीच पटलं नाही तर नोटा आहे, 2013 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आलेला. पण स्थानिक निवडणुकीत मी तो शेवटचा पर्याय मानते, कारण इथे उमेदवाराला गाठून बोलता येतं, तो तुमच्याच चौकात असतो. आमच्या इथे प्रचाराला एकजण आले तेव्हा मी विचारलं, आमच्या गल्लीत ड्रेनेजची लाइन कुठून जाते सांगा. त्यांना सांगता आलं नाही. दुसऱ्या एक उमेदवार बाई आल्या, त्यांनी मुलाला हाक मारून नकाशा मागवला आणि बॉनेटवर पसरून दाखवला.

मतदानानंतरचंही थोडं लिहिते, कारण नाव लागलं म्हणजे काम संपलं असं मला वाटत नाही. पुणे महापालिकेत 2006 पासून सहभागी अंदाजपत्रक आहे, म्हणजे आपल्या भागातलं छोटं काम, बस थांबा, दिवे, फूटपाथ, बाकं, आपण स्वतः सुचवायचं, ते बजेटमध्ये घेतात. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो, ऑनलाइनही असतो. मी शाळेच्या रस्त्यावरच्या दिव्यांचं सुचवणार आहे, जागेचा फोटो काढून ठेवलाय, संध्याकाळी सातचा, अंधारात दिसत नाही काही, फक्त मुलांच्या बॅगवरच्या चमकत्या पट्ट्या.

गोव्याला माझी मावसबहीण असते, तिच्याकडे 4 नोव्हेंबर 2025 पासून विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे मतदार यादीची नव्याने तपासणी सुरू झाली, घरोघरी गणना अर्ज दिले आणि जुन्या, वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या यादीत तुमचं किंवा आईवडिलांचं नाव कुठे होतं ते विचारलं. तिची धावपळ झाली, कारण माहेर महाराष्ट्रात. त्यावरून सांगते, आपल्याकडेही असं होईल तेव्हा शोधाशोध नको, आईवडिलांचं नाव जुन्या यादीत कुठल्या मतदारसंघात, कुठल्या भागात होतं ते आत्ताच विचारून लिहून ठेवा. माझ्या आईला तिच्या केंद्राची शाळा आठवते, यादी भाग क्रमांक नाही, पण शाळा कळली तर पुढचं शोधता येतं.

रेटिंग द्यायचं तर ऑनलाइन फॉर्मला चार, बीएलओला पाच, 1950 च्या हेल्पलाइनला माझ्या अनुभवावरून पाच, आणि तारखा लोकांपर्यंत पोचवण्याला दोन. नेट कॅफेत जाऊन पैसे देऊ नका, फॉर्म कुठलाही असो, तो फुकट आहे, आणि तो स्वतः वाचून भरा, कारण खाली सही तुमची असते.

आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी 14 ऑगस्टला अठराची होतेय. पूर्वी 1 जानेवारी ही एकच तारीख धरायचे, आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर अशा चार आहेत आणि सतरा पूर्ण झाल्यावर आधीच अर्ज करता येतो, म्हणजे तिचं नाव 1 ऑक्टोबरला धरून लागेल. रविवारी ती आमच्याकडे आली, दहावीचं सर्टिफिकेट, आधार आणि पांढऱ्या भिंतीपुढे काढलेला फोटो घेऊन. फॉर्म 6 तिने स्वतः भरला, मी फक्त शेजारी बसले. घोषणापत्राशी आल्यावर ती थांबली आणि मोठ्याने वाचायला लागली, सगळं, एकेक ओळ, आणि मग म्हणाली, काकू, यात सामान्यतः रहिवासी लिहिलंय, मी पुढच्या वर्षी शिकायला नागपूरला गेले तर काय करायचं? मी म्हटलं तेव्हा फॉर्म 8, आणि तिने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.